म्हसळ्याच्या वाटेवर लपलेली उष्णता

रायगडच्या किनाऱ्यावर जायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी श्रीवर्धन, दिवेआगर आणि हरिहरेश्वर ही नावं येतात. माणगावहून त्या बाजूला निघालेली एसटी वाटेत एका गावात थांबते. प्रवासी खाली उतरतात, चहा पितात, घड्याळ बघतात आणि पुन्हा गाडीत चढतात. ते गाव म्हणजे म्हसळा. तालुक्याचं ठिकाण, पण पर्यटकांच्या यादीत त्याला जागा नाही. इथून एक रस्ता श्रीवर्धनकडे जातो आणि दुसरा दिघी-दिवेआगरकडे. म्हणजे म्हसळा हे बहुतेकांसाठी नुसता फाटा!

आज आपण मात्र इथेच उतरायचं. कारण सांगतो. विज्ञानाच्या पुस्तकात ‘पदार्थाच्या अवस्था’ नावाचा एक धडा असतो. स्थायू, द्रव आणि वायू. बर्फ वितळतो, पाणी उकळतं, वाफ थंड होते. धडा पाठ होतो, परीक्षेत गुण मिळतात आणि विषय संपतो. पण हाच धडा म्हसळ्याच्या वाटेवर, बाजारात, स्वयंपाकघरात आणि आभाळात पसरलेला आहे. त्यात एक लपाछपीचा खेळही आहे. लपणारी आहे उष्णता आणि तिला लपवणारं आहे पाणी. चला तर, तिला शोधायला जाऊ या.

घाटातला काळा दगड

मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव लागतं. कोकण रेल्वेनेही तिथे उतरता येतं. माणगाव सोडलं की मोर्बा, साई ही गावं मागे टाकत गाडी घोणसे घाटाकडे वळते. घाट काही फार मोठा नाही, पण वळणं अशी की खिडकीजवळच्याने बाहेर हात काढू नये. रस्ता करताना डोंगर कापलेला आहे. त्या कापलेल्या भिंतीकडे नीट पाहा. काळा कठीण दगड दिसेल. हा बेसॉल्ट. आपल्या सह्याद्रीचा बराचसा भाग याच दगडाचा आहे.

हा दगड एके काळी वाहत होता, असं सांगितलं तर पटेल का? पण ते खरं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन ठिकठिकाणी भेगाळली आणि आतून तप्त लाव्हा बाहेर आला. अशा लाव्हाचं तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तो पसरला, थंड झाला, गोठला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असं लाखो वर्षं चाललं. आज आपण ज्याला डोंगर म्हणतो, तो गोठलेला द्रव आहे.

अशा दगडाचा एखादा तुकडा हातात घेतलात तर त्यात कधी कधी लहान लहान पोकळ्या सापडतात. मुंग्यांनी पोखरल्यासारख्या. लाव्हामध्ये वायू आणि पाण्याची वाफ मिसळलेली असे. लाव्हा वर आला, दाब कमी झाला, आणि सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे आले. काही बुडबुडे निसटून गेले. काहींना निसटायला वेळ मिळाला नाही. तेवढ्यात भोवतालचा लाव्हा गोठला आणि बुडबुड्याची जागा तशीच राहिली. एका दगडात तिन्ही अवस्थांची नोंद! जो द्रव होता तो आता स्थायू आहे, आणि वायू होता तिथे भोक आहे.

गोठताना त्या लाव्हाने प्रचंड उष्णता बाहेर टाकली. हे वाक्य लक्षात ठेवा. गोठणारी वस्तू उष्णता देते. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

वाफ कुणाला दिसली?

जुलै महिन्यात हाच घाट चढाल तर दगड दिसणारच नाही. ढग खाली उतरून रस्त्यावर बसलेले असतात. ड्रायव्हर दिवे लावून, हॉर्न वाजवत, बैलगाडीच्या वेगाने गाडी हाकतो. खिडकीतून हात बाहेर न काढताही चेहरा ओला होतो.

पुष्कळ जण म्हणतात, “बघ, किती वाफ भरलीय!” इथे एक गोष्ट स्पष्ट करू या. वाफ दिसत नाही. पाण्याची वाफ हा हवेसारखाच रंगहीन वायू आहे. घाटात जे पांढरं दिसतं ते पाणीच असतं, पण इतक्या बारीक थेंबांचं की ते हवेत तरंगत राहतं. समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगर चढते, वर जाताना पसरते आणि थंड होते. मग तिच्यातल्या काही वाफेचे थेंब होतात. याला संघनन म्हणतात. थेंब जमिनीलगत असले की आपण त्यांना धुकं म्हणतो, वर असले की ढग.

म्हसळ्याच्या स्टँडजवळ चहा प्यायला थांबलात तर उकळत्या किटलीच्या तोटीकडे पाहा. हात मात्र लांब ठेवा. तोटीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट त्यापुढे सुरू होतो. ती रिकामी दिसणारी जागा म्हणजे खरी वाफ. पांढरा लोट म्हणजे तिचे झालेले थेंब, म्हणजे चिमुकला ढगच.

आता हे तीन प्रकार आतून कसे असतात ते पाहू. शाळेच्या प्रार्थनेला मुलं रांगेत उभी असतात. जागा सोडायची नाही, पण चुळबूळ चालूच. स्थायूमधले रेणू असे असतात. मधल्या सुट्टीत तीच मुलं व्हरांड्यात एकमेकांना खेटून, पण इकडून तिकडे सरकत असतात. तो झाला द्रव. आणि शाळा सुटल्याची घंटा वाजली की? ज्याला वाट मिळेल तिकडे तो धावतो. तो वायू. म्हणूनच १ लीटर पाण्याची १०० अंशांवर वाफ झाली की ती सुमारे १७०० लीटर जागा व्यापते.

रांग मोडायला, हात सोडवून घ्यायला रेणूंना काहीतरी खर्च येतो. तो खर्च म्हणजे उष्णता. आणि इथूनच लपाछपी सुरू होते.

बर्फाची लादी

म्हसळा गाव खाडीच्या टोकाशी आहे. ही राजपुरीची खाडी. तिच्या मुखाशी जंजिरा किल्ला आहे. म्हसळ्याचा मुलूख १९४८ पर्यंत त्याच जंजिरा संस्थानात होता. भरती आली की खाडीचं पाणी पार आतपर्यंत चढतं, ओहोटीला चिखल आणि तिवरं उघडी पडतात. समुद्र इथून दिसत नाही, पण त्याची मासळी बाजारात येते. आणि मासळीबरोबर येतो बर्फ.

बांगडा असो, सुरमई असो की कोळंबी, पेटीत थर कसे लावतात ते कधी पाहिलंय का? खाली फोडलेला बर्फ, त्यावर मासळी, पुन्हा बर्फ, पुन्हा मासळी. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात जेवढी मासळी तेवढाच बर्फ घ्यावा, असा साधारण हिशेब असतो. मासळी नुसत्या गार पाण्यात का नाही ठेवत? बर्फ ० अंशांवर वितळतो. मग ० अंशाचंच पाणी वापरलं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. एक ग्रॅम पाणी १ अंशाने तापायला १ कॅलरी उष्णता लागते. पण ० अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचं ० अंशाचंच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात! तापमान तसूभर वाढत नाही आणि ८० कॅलरी गडप. तेवढ्याच उष्णतेने ० अंशाचं एक ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे पेटीतला बर्फ बाहेरची आणि मासळीतली उष्णता गिळत राहतो आणि शेवटचा खडा वितळेपर्यंत स्वतः ० अंशावरच राहतो. नुसतं गार पाणी मात्र लगेच तापू लागलं असतं. बर्फ फोडून घालतात तेही उगाच नाही. लहान तुकडे मासळीला सगळीकडून भिडतात.

ही गडप होणारी उष्णता स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६१ च्या सुमारास ओळखली. त्या काळी लोकांना वाटे, बर्फ ० अंशाला आला की थोडीशी उष्णता दिली तरी पुरे, तो भसकन वितळून जाईल. ब्लॅकने विचार केला, तसं असतं तर उन्हाळा लागताच डोंगरावरचं सगळं बर्फ एकाच वेळी वितळून महापूर आले असते. पण बर्फ तर सावकाश वितळतं. त्याने प्रयोग केले, मोजमाप केलं. तापमापीला न दिसणाऱ्या या उष्णतेला आपण मराठीत अप्रकट उष्मा म्हणतो. अप्रकट म्हणजे लपलेली.

तिच्या जोरावर एक अजब व्यापारही चालला. बर्फ करण्याची यंत्रं येण्याआधी अमेरिकेतला फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजाने देशोदेशी पाठवत असे. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. वाटेत दोनदा विषुववृत्त, सुमारे चार महिन्यांचा प्रवास. तरी कलकत्त्याला १०० टनांच्या आसपास बर्फ पोचला! वर्षभरात, १८३४ साली, मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ आला. लाकडाच्या भुशाने बाहेरची उष्णता अडवली, आणि जी आत शिरली तिला प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरींची किंमत मोजावी लागली.

आज बर्फ कारखान्यात बनतो. तिथेही हीच युक्ती आहे. अमोनिया हा पदार्थ उणे ३३ अंशांनाच उकळतो. नळ्यांमधून फिरणाऱ्या द्रव अमोनियाची वाफ होते आणि ती होताना तो भोवतालच्या मिठाच्या पाण्यातली उष्णता ओढून घेतो. मिठाचं पाणी ० अंशाला गोठत नाही, ते त्याहूनही थंड होतं. त्यात साध्या पाण्याचे डबे सोडलेले असतात. त्यांचं पाणी गोठतं आणि लादी तयार होते. मग अमोनियाची वाफ यंत्राने दाबून बाहेर पुन्हा द्रव करतात. तेव्हा ती घेतलेली सगळी उष्णता परत टाकते. घरच्या फ्रिजमध्ये वायू वेगळा असतो, पण काम हेच. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा, गरम लागतं. आतून उचललेली उष्णता तिथे बाहेर पडत असते.

शेजारणीकडून उसनी साखर आणावी आणि वाटी भरून परत द्यावी, तसाच हा व्यवहार. वितळताना आणि वाफ होताना पदार्थ उष्णता उसनी घेतो. गोठताना आणि थेंब होताना ती परत करतो. एक कॅलरीही बुडवत नाही.

इथला माठ कमी गार का?

बर्फ वितळायला ८० कॅलरी, मग पाण्याची वाफ व्हायला किती? १०० अंशांवरच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. पण पाणी उडून जायला उकळायलाच हवं असं नाही. दोरीवरचे कपडे काही उकळत नाहीत, तरी वाळतात. साध्या हवेत पाणी उडतं तेव्हा तर आणखी थोडी जास्त, ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती कुठून येते? जे जवळ असेल त्यातून.

माठ याच उसनवारीवर चालतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. हिशेब करा. १० लीटरच्या माठातलं २०० ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाणी उडालं, तर १ लाख १६ हजार कॅलरी गेल्या. बाहेरून उष्णता आत आली नाही असं धरलं, तर उरलेलं पाणी जवळजवळ १२ अंशांनी थंड होईल!

पण सोलापूरचा पाहुणा मे महिन्यात म्हसळ्यात आला आणि माठातलं पाणी प्यायला, की हमखास म्हणतो, “आमच्याकडे यापेक्षा गार असतं हो.” त्याचं म्हणणं खरं आहे, आणि त्यात म्हसळ्याच्या कुंभाराचा काही दोष नाही. हवेत वाफ किती मावते याला मर्यादा असते. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी, ती वाफ चटकन सामावून घेते. म्हसळ्याची हवा समुद्र आणि खाडीमुळे आधीच वाफेने भरत आलेली. जागा कमी, म्हणून पाणी सावकाश उडतं आणि माठ कमी गार होतो. कोकणात घाम वाळत नाही, चिकचिक होते, त्याचंही कारण हेच. घाम उडाला तरच अंग गार होणार ना!

जुलैमध्ये तर हवा इतकी ओली की शाळेचा शर्ट तीन दिवस दोरीवर लोंबतो आणि शेवटी चुलीच्या उबेला न्यावा लागतो. म्हणून इथली माणसं कामाला लागतात ती पावसाआधी. आमसुलं, आंबापोळी, पापड, सुके बोंबील, सगळं काही मे संपायच्या आत वाळायला हवं. कोकमाच्या सालातलं पाणी वायू होऊन निघून जातं आणि मागे वर्षभर टिकणारं आमसूल राहतं. अंगणात पसरलेल्या त्या आमसुलांवरून आईला किंवा आजीला एकच काळजी असते, आभाळ तर येत नाही ना!

हिवाळ्यात खेळ वेगळा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतं. बाटली उन्हात ठेवली की अर्ध्या तासात पुन्हा पातळ. पाणी ० अंशाला गोठतं, खोबरेल २४ ला, लाव्हा हजारावर. ज्याचा त्याचा आकडा वेगळा, पण नियम तोच.

मोदक वाफवणारी उष्णता

भाद्रपदात या घरांतून हळदीच्या पानांचा वास येतो. उकडीचे मोदक होत असतात. मोदकपात्रात खाली थोडं पाणी, वर चाळणी, चाळणीवर हळदीचं पान आणि त्यावर मोदक. मोदक पाण्याला शिवत नाहीत. मग शिजतात कसे?

वाफ वर येते आणि तुलनेने थंड मोदकाला लागून तिचं पाणी होतं. पाणी होताना ती ग्रॅममागे उसने घेतलेले ५४० कॅलरी तिथल्या तिथे फेडते. मोदक त्याच उष्णतेवर शिजतो.

यातून एक सावधगिरीही शिकायची. उकळतं पाणी हातावर पडलं तर ते १०० अंशांवरून ४० पर्यंत येताना ग्रॅममागे ६० कॅलरी देतं. तेवढ्याच वाफेचं हातावर पाणी झालं तर आधी ५४० आणि मग ६०, एकूण ६०० कॅलरी. दसपट! म्हणून झाकण उघडताना चेहरा लांब, आणि झाकणाची पलीकडची कड आधी उचलायची. भाजलंच तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरायचा आणि मोठ्यांना हाक मारायची.

तीन जून

आता सगळ्यात मोठी परतफेड. तिची आठवण म्हसळ्यात अजून ताजी आहे.

२०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रात हवेचा दाब कमी होऊ लागला. पाहता पाहता त्याचं चक्रीवादळ झालं. नाव ‘निसर्ग’. हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं होतं. ३ जून २०२० ला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर. करोनाची टाळेबंदी, शाळा बंद, माणसं घरात, आणि डोक्यावरचे पत्रे आणि कौलं उडताहेत. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आंब्याची जुनी झाडं मुळासकट उन्मळली, विजेचे खांब वाकले. कितीतरी गावं पुढे अनेक दिवस अंधारात होती.

एवढा जोर वाऱ्यात आला कुठून? उत्तर आपल्याला आता ठाऊक आहे. पाण्याच्या वाफेतून!

उन्हाळाभर समुद्र तापतो. साधारण २६-२७ अंशांहून अधिक तापलेलं पाणी असेल तर चक्रीवादळाला बळ मिळतं. त्या पाण्यातून अफाट वाफ हवेत जाते आणि प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत समुद्राकडून उसनी घेतलेली ५८० कॅलरी उष्णता घेऊन वर चढतो. वर गार झाल्यावर वाफेचे थेंब होतात आणि लपलेली उष्णता आभाळात मोकळी होते. हवा गरम होते, हलकी होते, आणखी वर जाते. खाली दाब कमी पडतो, म्हणून चहूबाजूंनी नवी ओली हवा धावत येते. ती आणखी वाफ आणते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही धावणारी हवा सरळ न येता गरगरत येते. असं चाक एकदा फिरू लागलं की समुद्र त्याला उष्णता पुरवत राहतो.

किती उष्णता? १ चौरस किलोमीटर जागेवर फक्त १ सेंटीमीटर पाऊस पडला असं समजा. ते पाणी झालं १ कोटी लीटर. एवढ्या वाफेचे थेंब होताना आभाळात जी उष्णता मोकळी झाली, ती विजेच्या हिशेबात सुमारे ६७ लाख युनिट भरते. महिन्याला १०० युनिट वीज वापरणाऱ्या साडेपाच हजार घरांना वर्षभर पुरेल इतकी! आणि हे झालं एक चौरस किलोमीटर, एक सेंटीमीटर. चक्रीवादळाचा पाऊस हजारो चौरस किलोमीटरवर पडतो. त्या उष्णतेचा अगदी थोडाच भाग वाऱ्याच्या वेगात उतरतो, पण तेवढाही झाडं उपटायला पुरतो.

आणि जमिनीवर आल्यावर हेच वादळ का मंदावतं? डोंगर-झाडांना घासून त्याचा वेग कमी होतो हे खरंच. पण मुख्य कारण असं, की उसनं देणारा सावकार मागे राहिला. खाली गरम समुद्र नाही, म्हणून नवी वाफ नाही, म्हणून नवी उष्णताही नाही.

हा हिशेब जाणणाऱ्या शास्त्रज्ञांमुळेच त्या दिवशी पुष्कळ जीव वाचले. उपग्रहांच्या चित्रांत ढगांचं चाक दिसत होतं. हवामान खात्याने आधीच इशारे दिले आणि किनाऱ्यावरच्या हजारो माणसांना सुरक्षित जागी हलवलं गेलं. झाडांना मात्र हलवता येत नाही. नारळाचं रोप लावलं तर फळ धरायला साधारण सहा-सात वर्षं लागतात. तिसरीतल्या मुलाने रोप लावलं तर शहाळं प्यायला तो दहावीत पोचलेला असतो. बागायतदाराच्या घरात ३ जून ही तारीख का विसरत नाहीत, ते आता लक्षात येईल.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ अरबी समुद्राचं तापमान वर्षानुवर्षं तपासत आले आहेत. गेल्या काही दशकांत हा समुद्र तापत चालला आहे आणि त्यातली चक्रीवादळं वाढली आहेत, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं आहे. समुद्र जितका गरम तितकी वाफ जास्त, आणि वाफ जास्त तितकी आभाळातली परतफेडही मोठी. म्हणून ‘समुद्र एका अंशाने तापला’ अशी बातमी वाचलीत तर ‘एकच अंश ना!’ म्हणून पान उलटू नका. तापमापीत दिसते ती थोडी, लपलेली असते ती फार.

करून पाहा

एका पेल्यात फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी घ्या. शाळेतल्या प्रयोगशाळेतली तापमापी शिक्षकांना विचारून त्यात ठेवा आणि ढवळत राहा. दर दोन मिनिटांनी आकडा वहीत लिहा. बर्फाचा शेवटचा खडा वितळेपर्यंत पारा ० च्या आसपासच घुटमळेल. मग एकदम वर चढू लागेल. ब्लॅकने पाहिलं ते तुम्ही स्वतः पाहाल.

आणि म्हसळ्याला कधी गेलात तर गार कोकम सरबत जरूर प्या. पेला टेबलावर ठेवल्या ठेवल्या बाहेरून थेंबांनी भरून जाईल. सरबत पेल्यातून पाझरलेलं नाही, हवेतल्या वाफेचं पाणी झालेलं आहे. आता तुमच्यासाठी एक कोडं. असाच पेला सोलापूरच्या कोरड्या हवेत ठेवला तर त्यावर फारसे थेंब येणार नाहीत. दोन्हीकडचं तापमान अगदी सारखं असेल, तर कुठलं सरबत आधी कोमट होईल, म्हसळ्याचं की सोलापूरचं? थेंब होताना वाफ काय परत करते, ते आठवा.

उत्तर सापडलं? मग म्हसळ्यातलं सरबत फार वेळ गप्पा मारत पिऊ नका!